आधी प्रोब, मग मशीन: प्राण्यांच्या दवाखान्यातलं दातांचं काम

बैल विकत घेताना आपल्याकडे आधी त्याचा जबडा उघडतात. आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळलेला, हे खालच्या पटाशीच्या दातांवरून लगेच कळतं आणि त्यावर भाव ठरतो. कुत्र्या-मांजरांच्या तोंडात मात्र कोणी सहसा डोकावत नाही. ‘तोंडाला फार वास येतोय’ म्हणून लोक त्यांना घेऊन येतात तेव्हा रोग बरेचदा हाडापर्यंत पोचलेला असतो. दवाखान्यातही चित्र फार वेगळं नसतं. डॉक्टर लसीकरण, गोचीडताप आणि अपघातांत बुडालेले असतात. दात साफ करायचं मशीन कोपऱ्यात असतं, आणि मदतनिसाला शिकवलेलं असतं ते एवढंच: हे बटण, हे पाणी, आणि हे असं घासायचं.

हा लेख त्या मदतनिसासाठी आहे. काउंटरवर फोन घेणाऱ्यासाठी, भुलेवर लक्ष ठेवणाऱ्यासाठी आणि एक्स-रे काढणाऱ्यासाठीही आहे. माझं म्हणणं असं की आपल्या दवाखान्यांत हे काम शिकवण्याचा क्रमच उलटा आहे. मशीन सर्वांत शेवटी शिकवायला हवं. आधी बघायला, मोजायला आणि लिहायला शिकवलं पाहिजे. तसं का, ते पुढे येईलच.

तोंडात हात घालण्यापूर्वी

भारतात एक प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी येतो, तो रेबीजचा. ‘घशात हाड अडकलंय बहुतेक, लाळ गळतेय, जबडा मिटत नाही’ असं सांगत कुत्रा आणला जातो. कधी खरंच हाडाचा तुकडा वरच्या दाढांच्या मधे, टाळूवर आडवा अडकलेला असतो. पण खालचा जबडा लोंबणं, गिळता न येणं, आवाज बदलणं ही मुक्या रेबीजचीही लक्षणं आहेत. त्यात कुत्रा चावायला धावत नाही, गप्प पडून राहतो, आणि तिथेच माणसं फसतात. म्हणून काउंटरवरच विचारायचं: लस कधी दिली, कागद आहे का, गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या कुत्र्याशी मारामारी झाली का, वागणं कधीपासून बदललं. उत्तरं समाधानकारक नसतील तर कोणीही तोंडात हात घालायचा नाही. डॉक्टर येईपर्यंत थांबायचं. प्राण्यांच्या तोंडाशी काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतः रेबीजची लस आधीच घेतलेली असावी. ज्या दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या मावशींचंही लसीकरण झालेलं आहे, तिथली व्यवस्था मी चांगली मानतो.

दुसरी गोष्ट वासाची. तोंडाच्या वासामागे नेहमी दातच असतात असं नाही. कुत्रा पाणी फार पितोय, खाणं सुटलंय, उलट्या होताहेत, जिभेच्या कडांना व्रण आहेत आणि वास अमोनियासारखा आहे, तर मूत्रपिंडाचा विचार आधी करायचा. अशा जनावराला ‘डेंटल’ म्हणून पुढच्या आठवड्याची वेळ देणारा फोन महागात पडू शकतो.

दातांचे नंबर

मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, मोठ्या मांजराला ३०. दुधाचे दात पिल्लाला २८ आणि मांजराच्या पिल्लाला २६. पुढे बारीक पटाशीचे दात, मग सुळा, मग उपदाढा आणि शेवटी दाढा.

‘उजवीकडची मागून दुसरी दाढ’ असं सांगत बसलं की चूक ठरलेली. म्हणून जगभर ट्रायडन पद्धतीचे तीन आकडी नंबर वापरतात. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो: प्राण्याच्या उजवीकडचा वरचा भाग १, डावीकडचा वरचा २, डावीकडचा खालचा ३ आणि उजवीकडचा खालचा ४. दुधाच्या दातांसाठी त्याच क्रमाने ५ ते ८. पुढचे दोन आकडे दाताचे असतात आणि ते मधल्या रेषेपासून मागे मोजतात. म्हणजे १०१ हा उजवीकडचा वरचा पहिला पटाशीचा दात.

पाठ करायच्या गोष्टी फक्त दोन. सुळा नेहमी ०४, पहिली दाढ नेहमी ०९. बाकीचं त्यावरून मोजता येतं. मांजरात काही उपदाढा नसतातच, त्यामुळे नंबर मधेच उडी मारतात: वर ०४ नंतर थेट ०६, आणि खाली ०४ नंतर थेट ०७. नवीन माणूस हमखास इथे गोंधळतो. त्याला म्हणावं, पहिली दाढ शोध, तिला ०९ म्हण आणि पुढे मोजत ये.

मांस कापणाऱ्या मोठ्या जोडीचे नंबर तोंडपाठ हवेत. वर १०८ आणि २०८, खाली ३०९ आणि ४०९. कुत्र्याचं चावण्याचं मुख्य काम यांच्यावर चालतं आणि हे मोडतातही बरेचदा. १०८ आणि २०८ ला तीन मुळं असतात. त्या मुळांशी पू झाला की डोळ्याखाली सूज येते, ती फुटून वाहते, आणि पालक ‘डोळ्याचं काहीतरी’ म्हणून येतात. मलम लावल्यावर, अँटिबायोटिक दिल्यावर सूज बसते, महिन्याभराने परत येते. डोळ्याखाली परत परत येणारी सूज ऐकली की काउंटरवरच्या माणसाला १०८ आठवला पाहिजे.

किटण दिसतं, रोग दिसत नाही

स्वच्छ घासलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्यावर जंतू वस्ती करतात आणि दिवसभरात चिकट पापुद्रा तयार होतो. त्याला प्लाक म्हणतात. तो बोटाने किंवा ब्रशने निघतो. तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात बसायला लागतात आणि दोन-तीन दिवसांत तो कडक होऊ लागतो. हे झालं किटण. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याच्या दातांवर किटण भराभर चढतं, पण माणसासारखी कीड फारशी लागत नाही. ‘कीड लागलीय’ असं म्हणत लोक जे दाखवतात ते बहुधा किटण तरी असतं, नाहीतर मोडलेला दात.

आता खरी गोम. तपकिरी किटण दिसायला भयंकर असलं तरी नुकसान त्याने होत नाही. नुकसान होतं हिरडीच्या कडेखाली शिरलेल्या प्लाकने आणि त्या जंतूंशी लढताना शरीरात होणाऱ्या दाहाने. हिरडी आधी लाल होते, सुजते, हात लावताच रक्त येतं. इथपर्यंत सगळं परत फिरवता येतं. पुढे दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजतं, हिरडी आणि दात यांच्यामधली खाच खोल होत जाते. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. तीन वर्षांच्या वयापर्यंत बहुतेक कुत्र्या-मांजरांत हा रोग कमी-अधिक प्रमाणात सुरू झालेला असतो. पोमेरेनियन, शिह त्झू यांसारख्या लहान जातींना जास्त, कारण एवढ्याशा जबड्यात दात दाटीवाटीने असतात आणि दातांच्या मानाने हाड बारीक असतं. अशा कुत्र्याच्या खालच्या मोठ्या दाढेची मुळं जबड्याच्या जवळजवळ तळापर्यंत गेलेली असतात. तिथलं हाड झिजलं की दात काढताना, कधी तर नुसतं पलंगावरून उडी मारताना, जबडाच मोडतो.

रोगाची पायरी किती हाड आणि किती आधार गेला यावरून ठरते. पहिल्या पायरीत फक्त हिरडीला सूज, आधार शाबूत. दुसरीत एक चतुर्थांशापेक्षा कमी आधार गेलेला, तिसरीत एक चतुर्थांश ते निम्मा, चौथीत निम्म्याहून जास्त. यातलं काहीही बाहेरून ओठ उचलून कळत नाही. बाहेरून फक्त अंदाज येतो.

म्हणूनच जाग्या कुत्र्याला धरून, वरवर किटण खरवडून ‘दात साफ’ करून देण्याचा जो प्रकार काही ग्रूमिंगच्या दुकानांत आणि काही दवाखान्यांतही चालतो, तो मला फसवणुकीच्या जवळचा वाटतो. दात पांढरे होतात, फोटो छान येतो, पालक खूश. हिरडीखालचं सगळं तसंच राहतं आणि आता ते दिसतही नाही, त्यामुळे पुढचं वर्ष-दोन वर्षं कोणी बघत नाही. जगभरच्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची संघटना, वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन, आपल्या दंत-मार्गदर्शिकेत हेच सांगते: पूर्ण तपासणी आणि उपचार भुलेशिवाय होत नाहीत. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांची विशेषज्ञ संस्थाही भुलेविना सफाईच्या विरोधात आहे.

भूल

दाताच्या कामाची भूल लहान समजली जाते, आणि तिथेच घात होतो. म्हातारं जनावर, लांबत जाणारं काम, तोंडात सतत पाणी आणि श्वासनळी त्याच तोंडात. म्हणून फुगा असलेली नळी श्वासनळीत घालायलाच हवी, नाहीतर पाणी आणि किटणाचा चुरा फुफ्फुसात जातो. नुसत्या इंजेक्शनच्या गुंगीवर, नळी न घालता पाण्याचं मशीन चालवणं म्हणजे न्यूमोनियाला बोलावणं.

आपल्या भागातली एक खास काळजी म्हणजे गोचीडताप. गोचीडातून येणाऱ्या एर्लिकिया या जंतूच्या संसर्गात प्लेटलेट्स घसरतात. कुत्रा बाहेरून बरा दिसतो, पण दात काढला की रक्त थांबत नाही. म्हणून रक्ततपासणीत यकृत-मूत्रपिंडाबरोबर प्लेटलेट्सचा आकडा बघितल्याशिवाय त्याला टेबलावर घ्यायचं नाही. रिपोर्ट फाइलमध्ये आहे का, हे तपासणं मदतनिसाचं काम. तो नसेल तर ‘डॉक्टर, प्लेटलेट्स राहिल्यात’ असं बेधडक म्हणण्याची मुभा त्याला असली पाहिजे.

भूल सांभाळणारा माणूस वेगळा हवा. दात घासणाऱ्यानेच मधून मधून मॉनिटरकडे बघायचं, हे चालत नाही. हृदयाचे ठोके, श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि तापमान दर पाच मिनिटांनी कागदावर लिहायचं. तापमान विसरू नका. लहान कुत्रं ओल्या डोक्याने तासभर पडलं की पटकन गार पडतं आणि मग शुद्धीवर यायला वेळ लावतं. ऊब द्यायची ती टॉवेल आणि गरम हवेची. गरम पाण्याची बाटली थेट अंगाला लावायची नाही, भुलेतलं जनावर भाजलं तरी हलत नाही. डोळ्यांत मलम घालायचं, डोकं किंचित उताराला ठेवायचं, घशात गॉज ठेवला तर त्याचा दोरा बाहेर ठेवायचा आणि फळ्यावर ‘घशात गॉज १’ असं लिहायचं. नळी काढण्याआधी ते पुसायचं, गॉज हातात घेऊनच.

मांजरांच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. नळीचा फुगा जास्त फुगवला किंवा नळी जोडलेली असतानाच मांजर या कुशीवरून त्या कुशीवर केलं, तर श्वासनळी फाटू शकते. कूस बदलताना श्वासनळीतली नळी भुलेच्या मशीनपासून आधी सोडवायची. दुसरी चूक स्प्रिंगच्या चिमट्याची. तोंड ताणून उघडं ठेवणाऱ्या या चिमट्याने मांजराच्या मेंदूकडे आणि डोळ्यांकडे रक्त नेणाऱ्या धमनीवर दाब येतो. अशी मांजरं भुलेतून उठल्यावर आंधळी झाल्याचं नोंदलं गेलं आहे. मांजराचा चिमटा कपाटातूनच काढून टाकावा असं माझं मत. आधार हवाच असेल तर छोटा वापरायचा, तोही थोड्या वेळापुरता.

प्रोब आणि तक्ता

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळं काम इथेच ठरतं.

प्रोब म्हणजे बारीक, बोथट टोकाची आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली सळई. मशीनच्या किमतीपुढे तिची किंमत काहीच नाही. ती दाताला समांतर धरून हिरडीच्या खाचेत हलक्या हाताने उतरवायची आणि दाताभोवती फिरवत प्रत्येक दाताला निदान चार ठिकाणी खोली बघायची. निरोगी कुत्र्यात ही खाच ३ मिलिमीटरपर्यंत असते, मांजरात १ मिलिमीटरपर्यंतच. म्हणजे कुत्र्यात साधा वाटणारा ३ चा आकडा मांजरात रोग असतो.

हे काम दोघांचं. एक जण मोजतो आणि बोलतो, दुसरा लिहितो. ‘एकशेआठ: दोन, तीन, सहा, तीन. फर्केशन दोन. हलत नाही.’ लिहिणारा ते परत उच्चारतो. फर्केशन म्हणजे मुळं जिथे फुटतात तो बेचका. तिथलं हाड गेलं की प्रोब मुळांच्या मधे शिरतो. निम्म्यापेक्षा कमी शिरला तर एक, निम्म्यापेक्षा जास्त गेला तर दोन, आरपार गेला तर तीन. दात किती हलतो, हेही शून्य ते तीन असं लिहायचं. नसलेल्या दातावर गोल करायचा, पण ‘नाही’ असं ठरवायची घाई नको. दिसत नसलेला दात हिरडीखाली अडकून पडलेला असू शकतो आणि त्याभोवती गळू वाढत जबड्याचं हाड खाऊ शकतं. ते एक्स-रेनेच कळतं.

एक हिशेब नव्याने शिकणाऱ्याला हमखास चकवतो. खाचेची खोली ३ मिलिमीटर आली म्हणून दात चांगला, असं नाही. हिरडीच खाली सरकून मुळाचा ४ मिलिमीटर भाग उघडा पडला असेल, तर एकूण गेलेला आधार ७ मिलिमीटर धरायचा. म्हणून हिरडी किती सरकली हे वेगळ्या रकान्यात लिहायचं. दुसरीकडे बॉक्सरसारख्या जातींत हिरडी वाढून दातावर चढते. तिथे खाच खोल दिसते, पण आधार शाबूत असतो.

या आकड्यांवरूनच उपचार ठरतो. खाच ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर हिरडी न उघडता मुळाचा पृष्ठभाग आतून साफ करता येतो. त्याहून खोल असेल तर हिरडी उघडावी लागते किंवा दात काढावा लागतो. तक्ता नसेल तर डॉक्टर यातलं काहीच ठरवू शकत नाहीत, आणि सहा महिन्यांनी रोग वाढला की थांबला हे कोणालाच सांगता येत नाही.

मोडक्या दातासाठी वेगळं हत्यार असतं, टोकदार एक्सप्लोरर. दाताच्या टोकावर काळा ठिपका दिसला की ते त्यावरून हलकेच फिरवायचं. टोक आत गेलं तर दाताची नस उघडी पडलेली आहे. नुसतं घसरलं आणि रंग तपकिरी, गुळगुळीत असेल, तर तो झिजेला उत्तर म्हणून दाताने स्वतःच भरून काढलेला भाग. नस उघड्या पडलेल्या दाताला दोनच उपाय असतात, रूट कॅनाल किंवा दात काढणं. ‘खातोय ना, मग राहू दे’ हा तिसरा उपाय नाही. दात ठणकत असतानाही कुत्री खातात. आख्खा दात जांभळट-करडा झाला असेल तर तो बहुधा आतून मेलेला असतो. तोही तक्त्यावर लिहायचा.

एक्स-रे

दाताचा निम्म्याहून जास्त भाग हिरडी आणि हाडात गाडलेला असतो, तिथे प्रोबही पोचत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी १९९८ मध्ये पूर्ण तोंडाच्या एक्स-रेंचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरून निरोगी दिसणाऱ्या दातांच्या एक्स-रेमध्येही २७.८ टक्के कुत्र्यांत आणि ४१.७ टक्के मांजरांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचं काहीतरी सापडलं. मांजरांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हे काम मदतनीस उत्तम शिकू शकतो. खालच्या जबड्यातल्या मागच्या दातांना सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारी पट्टी, समांतर ठेवता येतो, तिथे सरळ समोरून किरण मारायचे. वरच्या दातांना तसं जमत नाही, कारण टाळू सपाट आणि सेन्सर आडवा. इथे उन्हातल्या खांबाची सावली डोळ्यांपुढे आणावी: ऊन तिरपं असलं की सावली लांब, डोक्यावर आलं की आखूड, आणि मधे कुठेतरी खांबाएवढीच. दात आणि सेन्सर यांच्यामधल्या कोनाचे मनात दोन सारखे भाग करायचे आणि त्या मधल्या रेषेला काटकोनात किरण मारायचे, म्हणजे प्रतिमा दाताएवढी येते. दात लांबट आला तर एक्स-रेची नळी दाताकडे जास्त रोखलेली होती, बुटका आला तर सेन्सरकडे.

१०८ ची पुढची दोन मुळं एकमेकांवर येतात. नळी थोडी पुढे किंवा मागे सरकवून दुसरी प्रतिमा घ्यायची. जे मूळ नळीच्याच दिशेने सरकतं ते आतल्या, टाळूच्या बाजूचं. दात काढल्यावर परत एक एक्स-रे घ्यायचा, मुळाचा तुकडा राहिला नाही ना हे बघायला. सेन्सर बोटाने धरून ठेवायचा नाही, कधीच नाही. एक्स-रेबाबतचे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम माणसांच्या दवाखान्यापुरतेच आहेत असा काहींचा समज दिसतो. तो बरोबर नाही.

पैसे मर्यादित असतील आणि किटण काढायचं महागडं मशीन (स्केलर) की दाताचा एक्स-रे असा प्रश्न असेल, तर मी एक्स-रे म्हणेन. आणि मांजराचे दात काढायचे असतील तर एक्स-रेशिवाय सुरुवातच करू नये. मांजरात दात विरघळत जाण्याचा एक रोग फार दिसतो. हिरडीच्या कडेला लाल ठिपका दिसतो, त्याला हत्यार लागताच भुलेतलं मांजरही जबडा थरथरवतं. काही दातांत मूळ वेगळं ओळखू येतं, तिथे ते पूर्ण काढावं लागतं. काहींत मूळ हाडात विरून गेलेलं असतं, तिथे नुसता वरचा भाग कापून हिरडी शिवतात. कुठला प्रकार हे डोळ्यांनी कळत नाही.

आता मशीन

हे थोडक्यात आटोपतं. आधी तोंड ०.१२ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने धुवायचं, म्हणजे हवेत उडणाऱ्या तुषारांत जंतू कमी राहतात. तरी मास्क, चष्मा, टोपी, हातमोजे हवेतच. त्याच खोलीत शेजारच्या टेबलावर पोट उघडलेलं जनावर नको. मशीनच्या टोकाची बाजू दातावर टेकवायची, टोक रोवायचं नाही. एका दातावर एका वेळी १५ सेकंदांहून जास्त नाही, नाहीतर उष्णतेने आतली नस मरते. पाण्याची फवार बारीक आणि सतत. हिरडीखाली घालायचं टोक वेगळं असतं, साधं टोक तिथे घालायचं नाही. शेवटी कमी वेगावर, पेस्ट लावून पॉलिश, कारण स्केलरने पडलेल्या बारीक ओरखड्यांवर प्लाक लवकर धरतो. आणि मग परत एकदा प्रोब फिरवून बघणं.

कोणी काय करायचं

अमेरिकेत परीक्षा देऊन परवाना घेतलेले पशुवैद्यकीय तंत्रज्ञ असतात आणि त्यांच्यातही दातांच्या कामात विशेष पात्रता मिळवता येते. ब्रिटनमध्ये नोंदणीकृत पशुपरिचारिका किटण काढू शकतात, पण हत्यार वापरून दात काढू शकत नाहीत. आपल्याकडे लहान प्राण्यांच्या दवाखान्यातल्या मदतनिसासाठी असा नोंदणीचा वेगळा वर्ग नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पशुवैद्यकी नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायची. पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या पशुधन पर्यवेक्षकांना राज्य सरकारच्या आदेशाने, पशुवैद्याच्या देखरेखीखाली, किरकोळ सेवा देता येतात. दात काढणं ही शस्त्रक्रिया आहे. हिरडी कापणं, हाड कोरणं, तीन मुळांच्या दाताचे तुकडे करून एकेक मूळ सैल करणं हे डॉक्टरचं काम. हलणारा दात ‘नुसता ओढला तरी येईल’ असं वाटलं तरी मदतनिसाने हात लावायचा नाही. तक्ता, एक्स-रे, भुलेवर लक्ष, हत्यारांना धार लावणं आणि निर्जंतुकीकरण ही त्याची हक्काची जागा, आणि ती लहान नाही.

शिकायचं कुठे? पदवीच्या अभ्यासक्रमात दात मुख्यत्वे शल्यचिकित्सेच्या विषयात येऊन जातात, त्यामुळे खुद्द डॉक्टरचाही हात दवाखान्यातच बसतो. वर उल्लेख केलेली मार्गदर्शिका इंटरनेटवर फुकट मिळते, फोटोंसह. दवाखान्यातल्या दवाखान्यात करता येण्याजोगी सुरुवात म्हणजे दुसऱ्या कारणाने भूल दिलेल्या प्रत्येक जनावराचा, पालकांना विचारून, तक्ता भरणं. नसबंदीला आलेल्या पिल्लात दुधाचा सुळा पडला नसेल आणि शेजारी पक्का सुळा आलेला असेल, तर तिथेच डॉक्टरला दाखवायचं. एका जागी एकाच प्रकारचे दोन दात असणं कधीच बरोबर नाही. पक्का दात वाकडा जातो आणि मधे घाण साचते. त्याच भुलेत तो काढता येतो.

काउंटर आणि घर

पालकाशी बोलण्याची अडचण खर्चाची. भूल दिल्याशिवाय, एक्स-रे काढल्याशिवाय किती दात काढावे लागतील हे सांगता येत नाही. म्हणून एकच आकडा सांगायचा नाही. कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन सांगायचे आणि फरक कशाने पडतो तेही सांगायचं. ‘काका, काम चालू असताना डॉक्टरांचा फोन येईल, त्या वेळी उचला, नाहीतर परत भूल द्यावी लागेल’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकवायचं आणि संमतिपत्रावर दुसरा नंबरही घ्यायचा. भूल फार लांबत असेल तर डॉक्टर अर्धं तोंड आज आणि अर्धं काही आठवड्यांनी करतात. तसं होऊ शकतं हे आधीच सांगितलेलं असलं की भांडण होत नाही.

घरी घासण्याबद्दल लोकांचे प्रश्न ठरलेले. माणसाची टूथपेस्ट नको, कुत्रा थुंकत नाही, सगळं गिळतो. गोडीसाठी झायलिटॉल घातलेली तर अजिबात नको, ते कुत्र्याला विषारी आहे. मऊ ब्रश, रोज, आणि फक्त बाहेरची बाजू. आतून जीभ बरंचसं काम करते. रोज जमत नसेल तर दिवसाआड. आठवड्यातून एकदा घासणं म्हणजे न घासल्यासारखंच, कारण तोवर प्लाकचं किटण झालेलं असतं. मटणाच्या दुकानातलं नळीचं हाड, शिंगं, खूर देऊ नयेत. चावायला दिलेल्या वस्तूत नख रुतलं नाही तर ती दातापेक्षा कडक समजायची. १०८ ची कपची उडते ती अशानेच. दात साफ ठेवण्याचा दावा करणारी बिस्किटं विकत घेताना व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिलचा शिक्का बघावा. अमेरिकेतली ही संस्था चाचण्यांचा पुरावा तपासून तो देते.

दात काढलेल्या जनावराला घरी सोडताना सांगायचं: दोन आठवडे मऊ खाणं, दूध-पोळी चालेल पण पोळी भिजवलेली, दोरीची खेचाखेची नाही, वेदनाशामक दिलंय ते पूर्ण द्यायचं आणि माणसाची क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम कपाटातच राहू द्यायची. मांजराला तर पॅरासिटामॉल जीवघेणं ठरतं. दुसऱ्या दिवशी फोन डॉक्टरने करायची गरज नाही, भूल सांभाळणाऱ्याने करावा. जनावर कसं उठलं हे त्यालाच आठवत असतं. खाल्लं का, तोंडातून रक्त येतंय का, कण्हतंय का, एवढं विचारायचं. टाके विरघळणारे असतात, तरी दोन आठवड्यांनी तोंड बघायला बोलवायचं, आणि त्याच भेटीत ब्रश पालकाच्या हातात देऊन आपल्यासमोर एकदा घासून घ्यायचं.